धूर लागलेला हलवा

यंदा डोंबिवलीत थंडी पडली असं म्हणायला हरकत नाही. म्हणजे पंखा तीनवरून एकवर आला आणि सोसायटीतल्या बायका सकाळी फिरायला निघताना कानाला रुमाल बांधू लागल्या. एवढ्याशा थंडीचं कौतुक करावं तरी किती! पण परवा पहाटे खिडकी उघडली आणि कुठूनसा लाकूड जळल्याचा वास आला. समोरच्या इमारतीचा राखणदार शेकत बसला असेल. मी तशीच उभी राहिले. सून आतून ओरडली, "आई, वारं लागेल, खिडकी लावा." मी लावली, पण वास तोवर आत येऊन बसला होता.

त्याच दिवशी मीरा आली. मीरा ही माझ्या धाकट्या दिरांची, माधवभाऊजींची नात. चांगली नोकरी सोडून ती घरी साबण बनवते. पहिला घाणा तिनं सगळ्या नातेवाइकांत वाटला आणि मग मोबाइलवर जी काय फुलं उधळली गेली ती तिनं मला दाखवली. कोणाचे टाळ्या वाजवणारे हात, कोणाचे उभे अंगठे. 'अप्रतिम', 'लय भारी', 'अभिमान वाटतो बेटा'.

"आजी, तू एकटीच काही बोलली नाहीस," ती म्हणाली.

"अंगाला लावू तरी दे. दोन दिवस आंघोळ करते, मग बोलते."

तिचं तोंड एवढंसं झालं. हुबेहूब आजोबांसारखं. मला हसू आलं आणि तिला आणखी राग आला.

देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हा मी लग्न होऊन ठाण्याहून डोंबिवलीला आले. माझं माहेर किराणा दुकानदाराचं. सासर नोकरदारांचं. मामंजी फोर्टातल्या एका कचेरीत, हेही तिथेच जवळपास. या घरात पगार हा शब्द आमच्या माहेरी देवाचं नाव घेत तसा घेत. "दुकानदाराची मुलगी आहे, पण वळण चांगलं आहे हो," असं सासूबाई शेजारी सांगायच्या. त्यातला 'पण' मला बरेच दिवस टोचला.

तेव्हाच्या डोंबिवलीला खरोखरीची थंडी पडे. घरामागे भाताची खाचरं होती. कापणी झाली की नुसती धसकटं उरत आणि पहाटे त्यांच्यावर दव साचे. चुलींचा धूर वर न जाता माणसाच्या कमरेएवढा उंच तरंगत राही. विहिरीचं पाणी मात्र कोमट लागे, पोहऱ्यातून वाफ निघे. रहाटाचा कुरकुर आवाज, खाचरांपलीकडून कोल्हेकुई आणि घरातून मामंजींचा खाकरा, की समजावं उजाडलं. मी नऊवारीचा पदर डोक्यावरून कानापर्यंत ओढून बंब पेटवायला मोरीकडे जाई. तांब्याचा बंब, त्याच्या पोटात कोळसे, आणि कोळशाचा भाव ऐकला की सासूबाईंच्या कपाळावर आठी.

त्या आठीतूनच माधवभाऊजींची कल्पना निघाली असावी. इंटर झालेला हा मुलगा कचेरीचं नाव काढलं की घरातून नाहीसा होई. कल्याणला खाडीकाठच्या लाकडाच्या वखारींत तेव्हा भुशाचे ढीग पडून असत, त्याला कोणी विचारत नसे. घासलेटचे रिकामे डबे वाण्याकडे मिळत. भाऊजींनी डब्याच्या बुडाजवळ एका बाजूला भोक पाडलं, मध्ये उभी बाटली ठेवली, भोकातून आडवा दांडका घातला आणि भोवती भुसा ठासला. मग बाटली आणि दांडका अलगद काढून घेतला की आत वाट तयार होते. खालून चिंधी पेटवायची. भुसा आतल्या आत, न भडकता, कितीतरी वेळ जळत राहतो. भुशाची शेगडी म्हणतात ती हीच. पुढे घरोघरी झाली, पण आमच्याकडे ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी खरंच टाळी वाजवली होती.

मामंजींनी टाळी वाजवली नाही. मुलं त्यांना अण्णा म्हणत. ते मोजकं बोलत आणि बोललेलं मोडत नसत. जेवताना त्यांनी भाऊजींना सांगितलं, "संक्रांतीपर्यंत काय ती ठोकाठोक करायची ती कर. संक्रांत आली की माझ्याबरोबर सकाळच्या गाडीनं निघायचं. साहेबांच्या कानावर घालून ठेवलंय. जागा धरून ठेवतो म्हणालेत."

"आणि शेगड्या खपल्या तर?"

"खपल्या तर बघू," मामंजी म्हणाले आणि ताक मागितलं.

झालं. मागच्या पडवीत पत्रा कापायची कात्री आली, हातोडी आली. सगळं घर भुशानं भरलं. सागाच्या भुशाला कडवट-गोड वास असतो. तो भाऊजींच्या केसांत, दोरीवरच्या धोतरांत, एकदा तर पिठल्यातसुद्धा. हे म्हणाले, "आज पिठल्याला जरा सागवानी चव आहे." भाऊजी हसले नाहीत. त्यांना तेव्हा शेगडीखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

आणि शेगड्या खपल्या! आळीतल्या एकूण एक घरानं घेतली. गोखल्यांकडे, समोरच्या मास्तरांकडे, पलीकडच्या चाळीत. "आपल्या माधवनं केलीय," "आपल्या पोराच्या पाठीशी आपण नाही उभं राहायचं तर कोणी?" स्वराज्याचे दिवस होते, लोकांची छाती भरलेली असे. भाऊजी संध्याकाळी घरोघर जाऊन विचारत, "कशी आहे शेगडी?" आणि सगळीकडून एकच उत्तर, "छान आहे हो! वा!" भाऊजी तरंगत घरी येत.

शेगडी छान नव्हती. शेगडी धुरत होती. आमच्याच घरात सासूबाई ती रोज मुलासमोर पेटवत, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि भाऊजींनी विचारलं की म्हणत, "कांदा चिरत होते रे." आमच्याकडे सकाळच्या त्या वेळी कांदा कोणी चिरत नसे. भाऊजींची पाठ वळली की त्या शेगडी बाहेर ठेवत आणि चूल पुढे ओढत. मामंजींच्या आंघोळीला तर बंबच. एकदा मी विरजण मागायला गोखल्यांच्या मागल्या दारी गेले, तर त्यांच्या शेगडीत कांदे साठवलेले. मास्तरांकडे तीच शेगडी पालथी घालून वर तुळशीची कुंडी मांडलेली. कुंडी शोभत होती, हे कबूल केलं पाहिजे.

आमच्या दुकानात बाबा म्हणायचे, गिऱ्हाईक तांदळात खडे निघाले म्हणून भांडायला आलं की त्याला बसायला पाट द्यावा. जे गिऱ्हाईक भांडत नाही ते दुसऱ्या दुकानात गेलेलं असतं. इथे अख्खी आळी दुसऱ्या दुकानात गेली होती आणि बिचाऱ्या भाऊजींना पत्ता नव्हता. त्यात त्यांनी विठ्ठलवाडीच्या एका दुकानदाराशी बोलून ठेवलेलं. फाळणीनंतर सिंधहून आलेली माणसं तिथल्या छावणीत, जुन्या लष्करी बराकींत राहत होती. स्वस्त जळण हवं असलेली हजारो घरं. भाऊजी तिथे हातगाडीभर शेगड्या घेऊन जाणार होते. त्या दुकानदाराला ना माधव आपला, ना माधवची आई शेजारीण. तो शेगडी पेटवून बघणार, आणि खोकत गाडी परत पाठवणार. मग संक्रांत, मग सकाळची गाडी.

सांगावं कोणी? मी नवी सून. ह्यांना म्हटलं तर हे म्हणाले, "अगं, मला माहीत आहे. पण कशाला पोराचा विरस करायचा? तो नोकरीला लागला की आपोआप विसरेल." माया कशी असते बघा. घरादाराला तो आवडत होता म्हणून घरदार त्याला बुडू देत होतं.

त्या पौषात गोदाकाकू आल्या. या सासूबाईंच्या चुलत जाऊबाई, कल्याणच्या पारनाक्यावर राहायच्या. त्यांच्याबद्दल मला दोनच गोष्टी सांगण्यात आल्या होत्या. एक, त्यांच्यासारखा काटेरी हलवा ठाणे-कल्याणात कोणाला जमत नाही. दोन, त्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवतात. नव्या नवरीच्या पहिल्या संक्रांतीला तिला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याचे दागिने घालतात, तो हलवा करायला त्या पंधरवडाभर आधी मुक्कामाला आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "आळीत चिखल किती! आणि सून काळीसावळी आहे, बरंय, पांढरा हलवा उठून दिसेल." सासूबाईंनी मला आत नेऊन बजावलं, "माधवचा विषय त्यांच्यापुढे काढू नकोस. मोडून टाकतील त्याला."

मी मान हलवली आणि त्याच क्षणी मनाशी ठरवलं.

हलवा ही सोशिक माणसाची पाककृती. परातीत तीळ, वरून साखरेच्या पाकाचे थेंब, खाली अगदी मंद आच, आणि हात सारखा फिरता. तासन् तास, दिवसचे दिवस. थंडी असेल तर दाण्याला काटा फुलतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परातीखाली निखाऱ्यांची शेगडी न मांडता भुशाची मांडली. मंद आच म्हणून मंद आच, कारण विचारलं असतं तर तेच सांगितलं असतं. सासूबाई देवपूजेत होत्या. गोदाकाकूंनी पदर खोचला, परात घेतली, बोटं फिरवू लागल्या. पहिल्यांदा खोकला. मग पुन्हा खोकला. मग त्यांनी मूठभर हलवा उजेडात धरून पाहिला. पांढऱ्याशुभ्र दाण्यांवर हळदीसारखी पिवळी झाक आली होती.

"हे कोणाचं कर्म?" त्यांचा आवाज खाचरांपर्यंत गेला असेल. "कोणी केली ही शेगडी?"

भाऊजी पडवीतून हातोडी घेऊनच आत आले. "मी केली, काकू. का? छान आहे ना?"

"छान? माध्या, अरे ही शेगडी आहे की आगगाडी? धूर बघ! डोळे फुटले माझे. हलव्याचा रंग बघ, कावीळ झाल्यासारखा. परात ठेवली की गुदमरते आणि परात उचलली की भडकते. बूड इतकं तापतं की लुगडं पेटायचं. असली वस्तू लोकांना विकतोस?"

"सगळे छान म्हणतात," भाऊजी म्हणाले.

"म्हणणारच! भिडेखातर म्हणतात. भीड भिकेची बहीण, ऐकलं नाहीस कधी? अगं ए," त्या सासूबाईंकडे वळल्या, "तुझे डोळे काय रोज कांद्यानं सुजतात?"

सासूबाई हातात निरांजन घेऊन उभ्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि खरंच रडू लागल्या. "धुरते रे, माधव. पहिल्या दिवसापासून धुरते. मला सांगवेना."

भाऊजी उठून बाहेर गेले. दुपारी जेवले नाहीत. पडवीत विकायला रचून ठेवलेल्या शेगड्यांसमोर नुसते बसून राहिले. सासूबाई माझ्याशी बोलेनात, त्यांनी ओळखलं होतं ते काम माझं. मला भीती वाटली नाही असं नाही. भाऊजी खरंच मोडले असते तर मी या घरात कोणत्या तोंडानं राहिले असते? दिवे लागायच्या सुमाराला भाऊजी आत आले आणि गोदाकाकूंसमोर मांडी घालून बसले.

"काकू, धूर पेटवताना येतो की परात ठेवल्यावर?"

"ठेवल्यावर जास्त."

"आणि गुदमरते म्हणजे नक्की काय होतं?"

"ते मला काय माहीत? मी खोकते एवढं मला माहीत. शेगडी तू केलीस ना?"

त्या रात्री भाऊजी पोटभर जेवले. मी जन्मात कोणाला भाकरी वाढताना इतकी खूश झाले नसेन.

मग जे सुरू झालं त्याला मी आजही हसते. गोदाकाकूंचं तोंड उघडलं ही बातमी विहिरीवर पोचली आणि आळीची भीड सुटली. महिनाभर दाबलेलं सगळं बाहेर आलं. गोखलेवहिनी दारातूनच, "माधव, रागावू नकोस हं, पण तुझ्या शेगडीनं माझी भिंत काळी झाली." मास्तरीणबाई, "राख काढायला हात जात नाही रे." चाळीतून तर बायकांचं शिष्टमंडळ आलं. प्रत्येकीचं पहिलं वाक्य 'रागावू नकोस' आणि पुढचं ऐकण्यासारखं. भाऊजी त्यांना पाट देत. मी चहा टाके. मला माहेरच्या दुकानात बसल्यासारखं वाटे.

भाऊजी रोज एक शेगडी मोडत आणि एक करत. वखारीतली लाकडं खाडीच्या पाण्यात भिजून येतात, तेव्हा भुसाही ओलसर असतो. तो मागल्या अंगणात चादरींवर वाळत पडू लागला. भांडं डब्याच्या काठावर बसलं की वरची वाट बंद होते, म्हणून काठावर तीन उंचवटे आले. खालच्या भोकाला सरकती झडप आली. बुडाखाली लाकडी ठोकळे. प्रत्येक नवी शेगडी आधी गोदाकाकूंच्या परातीखाली जाई. त्या खोकल्या की ती परत. एके सकाळी त्या बराच वेळ हलवा फिरवत राहिल्या, खोकला नाही. आम्ही सगळे दाराआड. त्यांनी दाणा उजेडात धरला. काटा फुललेला, पांढराशुभ्र.

"झडप घट्ट बसते, बोट चेमटलं," त्या म्हणाल्या. याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती.

भोगीच्या दिवशी भाऊजी हातगाडी घेऊन विठ्ठलवाडीला गेले. दुकानदारानं शेगडी रस्त्यावरच पेटवायला लावली. वर पाण्याचं पातेलं ठेवलं आणि स्टूल टाकून शेजारी बसला. पाणी उकळेपर्यंत हलला नाही. शेवटी म्हणाला, "माल ठीक लगता है. मगर जांगड रखूँगा. बिका तो बिका, नहीं तो उठाके ले जाना." भाऊजी रिकामी गाडी घेऊन आले खरे, पण त्या रिकामेपणाचा भरवसा नव्हता. दुसऱ्या दिवशी संक्रांत. मुदत संपत होती.

आज तरुणांना पाठबळ देण्याविषयी पुष्कळ बोललं जातं. द्यावंच. पुढे भाऊजींच्या शेगड्या कळव्यापासून कल्याणपर्यंत गेल्या, गॅस आला तेव्हा त्यांनी दुसरं काही काढलं, ते मोडलं, तिसरं काढलं, ते चाललं. मीरा त्याच घरात वाढली. तिच्या साबणाला फेस चांगला येतो. पण वडी दुसऱ्या दिवशी चिखल होते, आणि वास एवढा की काल पूजेला बसले तर उदबत्ती लागली आहे की नाही कळेना. कागदी वेष्टन ओल्या हातानं सुटत नाही. आज संध्याकाळी तिला बोलावलंय. हे सगळं सांगणार आहे. तोंड एवढंसं करील, करू दे. तिळाच्या वड्या करून ठेवल्या आहेत.

कारण मला ती संक्रांतीची सकाळ दिसते आहे. सासूबाई पहाटे उठल्या, बंबाजवळ गेल्या, आणि कोळसे न घालताच परत आल्या. माझ्याकडे पाहून फक्त म्हणाल्या, "शेगडी पेटव." पंधरवड्यात त्या माझ्याशी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. हंडा चढला. मामंजी तीळ लावून मोरीत गेले. आम्ही सगळे आपापल्या कामात असल्याचं सोंग करत कान लावून होतो. भाऊजी पडवीच्या पायरीवर बसले होते, धुतलेला सदरा घालून. सकाळच्या गाडीनं जायचं झालं तर तयार असावं म्हणून घातला असेल.

मामंजी बाहेर आले. संध्या झाली. कोट चढवला, टोपी घातली. पायरीपाशी थांबले. त्यांनी आजवर त्या शेगडीबद्दल चांगलं-वाईट एक अक्षर काढलं नव्हतं.

"माधव, पाणी फार कडत होतं आज. विसणाला गार पाण्याची अख्खी बादली लागली. असं चालायचं नाही. त्या झडपेचं काहीतरी बघ." छत्री काखेत मारून ते अंगणात उतरले आणि मागे न वळता म्हणाले, "साहेबांना सांगतो, ती जागा दुसऱ्या कोणाला द्या."

फाटक वाजलं. भाऊजी माझ्याकडे वळले. डोळे भरलेले, आणि चेहरा असा उजळलेला की पुन्हा कधी मी तो तसा पाहिला नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "ऐकलंत? अण्णांना विसण लागलं!"